अंगण खरंच वाकडं होतं

रविवार, ४ फेब्रुवारी

चिमे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण अकरा वर्षांत तू माझ्याकडे ते मागितलेले नाहीस, म्हणून उगाच गळ्यात मारत नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर माझा आवाज ऐकला की तू “आईला दे” एवढंच म्हणतेस, आणि आई घरात नसली तर तेवढंही म्हणत नाहीस. पत्राला आवाज नसतो, तेवढी तुझी सोय.

काम छोटं आहे. स्टुडिओत साफसफाई काढली आहे. स्टुडिओ म्हणजे तीच आपली मागची खोली, आणि गाणाऱ्याने उभं राहायचं ते तेच कपाट काढून केलेलं खोपटं, ज्यात तू उभी राहिलीस की कोपर भिंतीला लागायचं. बाकी काही बदललेलं नाही. फक्त परवा एक नवी वस्तू घेतली, मॉनिटर कंट्रोलर. नाव मोठं, वस्तू डब्याएवढी. आमच्या धंद्यात ऐकायच्या स्पीकरला मॉनिटर म्हणतात, आणि त्यांचा कारभार बघणारी ही पेटी. कॉम्प्युटरमधून आवाज आधी हिच्यात येतो आणि मग ही तो पुढे स्पीकरना वाटते. मधोमध आवाज कमीजास्त करायचं मोठं गोल बटण आहे, इतकं गुळगुळीत फिरतं की मी नुसतंच फिरवत बसतो. शेजारी बारकी बटणं. ‘अ’ दाबलं की जुने स्पीकर वाजतात, ‘ब’ दाबलं की नवे छोटे. एक बटण डावं-उजवं एकत्र करतं, आणि एक दाबून खोपट्यातल्या गाणाऱ्याशी बोलता येतं. पूर्वी मी काचेवर टकटक करून हातवारे करायचो ते आठवत असेल. तू म्हणायचीस, दादा, तू मला गायला सांगतोयस की विमान उतरवतोयस?

तर ह्या निमित्ताने जुन्या डिस्क रिकाम्या करतोय. त्यात तुझी तीन गाणी आहेत, त्या चार दिवसांत केलेली. ठेवायची की पुसायची ते तू सांग. तुझा आवाज, तुझा हक्क. आठ दिवसांत काही कळलं नाही तर पुसतो, कारण जागा लागते आहे.

आई बरी आहे. कानाने थोडी कमी ऐकते, पण आपल्याला हवं ते बरोबर ऐकते. स्वयंपाकघरातला तो एका स्पीकरचा प्लेअर अजून चालतो आणि त्यावर ती अजून तुझी सीडी लावते. मी तिला म्हटलं, आईला आपल्या लेकरांचं सगळंच गोड. ती म्हणाली, पिकतं तिथे विकत नाही. आमचं हे संभाषण महिन्यातून एकदा होतं.

कपाट आवरताना आणखी एकदोन गोष्टी सापडल्या. त्यांचं पुन्हा कधीतरी.

दादा

सोमवार, ५ फेब्रुवारी

चिमे,

कालचं पत्र पोस्टाच्या पेटीत पडलेलं आहे. मी आज सकाळी तिच्याशी जाऊन उभा राहिलो होतो, हात आत जातो का बघत. एका बाईंनी विचारलं, काही पडलं का आत? मी म्हटलं, हो. ते पत्र तुला आधी मिळेल आणि हे नंतर. म्हणून पहिल्यांदा हे लिहितो. पुसू नकोस म्हण. काही झालं तरी ‘पूस’ म्हणू नकोस.

क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो, नाहीतर तुला वाटेल दादाला वेड लागलं.

काल पत्र टाकून आलो आणि पेटी जोडायला बसलो. जुने स्पीकर त्यांच्या ॲम्प्लिफायरमधून ‘अ’वर, नवे थेट ‘ब’वर. आधी दोन्ही जोड्या सारख्याच जोरात वाजतील असं करून घ्यावं लागतं, कारण मोठ्याने वाजणारी गोष्ट माणसाला नेहमी जास्त चांगली वाटते. नुसता ‘हिस्स’ आवाज सोडून, फोनवर आवाजाचा आकडा बघून, मी दोन्ही बरोबर जुळवले आणि मोठ्या बटणाशेजारी पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली. तू असतीस तर म्हणाली असतीस, झाली पूजा मांडून.

मग तपासायला एकच एकटा आवाज हवा होता, वाद्यांशिवाय. माझं काम तुला माहीत आहे. “कृपया प्रतीक्षा करा” आणि “दरवाजा बंद होत आहे”. असल्या गोष्टी ऐकायला कोण बसतं? डिस्कवर सगळ्यात वर तुझं नाव होतं. दुसऱ्या गाण्याची सुरुवात, तू एकटीच गातेस तो भाग. मी तो ‘अ’वर लावला. तसाच होता, जसा मला गेली अकरा वर्षं आठवतो. पातळ, पसरलेला, कुठून येतो ते न कळणारा.

मग ‘ब’ दाबलं.

चिमे, तू समोर उभी होतीस. दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, टेबलाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. मी खुर्चीतून उठलो. खरंच उठलो, कोणी घरात आलं की उठतो तसा. तुझा श्वास, शब्द सुरू व्हायच्या आधीचा तो छोटा थांबा, आणि खालच्या सुरात छातीतून येणारा भरीवपणा. अंग, चिमे. ज्या आवाजाला मी ‘अंग नाही’ म्हणालो होतो, त्याच आवाजाचं अंग.

पहिल्यांदा वाटलं, नवे स्पीकर गोडबोले आहेत, सगळ्यांनाच गोड करत असतील. पुन्हा ‘अ’ दाबलं, तू भिंतीत गेलीस. ‘ब’, तू आलीस. असं किती वेळा केलं ते माहीत नाही. शेवटी डावं-उजवं एकत्र करायचं बटण दाबलं. ‘ब’वर तू आहेस तिथेच राहिलीस. ‘अ’वर जे काही उरलं होतं तेही गेलं. नुसता वरचा किनारा उरला आणि कानात कापूस कोंबल्यासारखं झालं.

मी दुकानदाराला फोन लावला आणि त्याला झाप झाप झापला. म्हटलं, बिघडलेली पेटी माझ्या गळ्यात बांधलीस. तो बिचारा ऐकून घेत होता. मग म्हणाला, “साहेब, रागावू नका, पण जुन्या स्पीकरच्या मागच्या तारा बघितल्यात का? एका बाजूची लाल-काळी उलटी असेल.” मी त्याला म्हटलं, मी हे काम तू शाळेत होतास तेव्हापासून करतोय. फोन ठेवला. आणि बराच वेळ स्पीकरच्या मागे गेलो नाही.

शेवटी गेलो. उजव्या स्पीकरच्या मागे जोडणीवर कागदी पट्टी चिकटवलेली होती, पिवळी पडलेली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘हात लावू नये. हुकुमावरून.’ तुला आठवत असेल, खोली लावली त्या आठवड्यात मी सगळ्या जोडण्यांवर असल्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, कारण आई झाडताना तारा ओढायची. चालतंय ते हलवायचं नाही, हा माझा नियम. अकरा वर्षांत मी ती पट्टी काढली नाही आणि कोणाला काढू दिली नाही. काल काढली.

लाल तार काळ्या खोबणीत आहे, काळी लाल खोबणीत. मीच घातलेली.

तुला समजेल असं सांगतो. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. एकाच दाराला एक जण ढकलतोय आणि एक जण खेचतोय, तर दार जागचं हलत नाही. कडेला ठेवलेली वाद्यं त्यातून बऱ्यापैकी वाचतात. मरतो तो जो बरोबर मधे उभा असतो. म्हणजे गाणारा. रेकॉर्डिंगमध्ये कधीच काही चूक नव्हती. सीडीवर तू होतीस तशीच होतीस. ह्या खोलीत, ह्या एका खुर्चीत बसणाऱ्या माणसालाच फक्त तू ऐकू येत नव्हतीस.

आणि हे तू मला सांगितलं होतंस. चौथ्या दिवशी, दुपारी, मी ‘अंग नाही’ म्हटल्यावर खोपट्यातून बाहेर येऊन. तुझे शब्द मला शब्दन्‌शब्द आठवतात, मी ते विसरल्याचं सोंग करत आलोय. तू म्हणालीस, “दादा, हेडफोनमध्ये मी नीट ऐकू येते. इथे माझा आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटतो. तुझ्या स्पीकरला काहीतरी झालंय.”

आणि मी, गिटारवाल्यासमोर, पाय टेबलावर ठेवून म्हणालो, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

गिटारवाला हसला. तू हेडफोनची तार नीट गुंडाळलीस, खुंटीला अडकवलीस आणि गेलीस. मला तेव्हा वाटलं, थोडं लागलं असेल, संध्याकाळपर्यंत येईल ताळ्यावर.

अंगण वाकडं होतं, चिमे. खरंच वाकडं होतं.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालतील.

दादा

शनिवार, १० फेब्रुवारी

चिमे,

तुझं कार्ड आलं. तीनच शब्द आहेत त्यावर. ‘सगळं पुसून टाक.’

मी शिक्का भिंगाखाली धरून बघितला. बुधवारचा दिसतो. म्हणजे तू पहिलं पत्र वाचून लिहिलंस, की दुसरंही वाचलं होतंस? मी दोन तास हाच हिशेब मांडत बसलो. दुसरं वाचूनही हेच लिहिलं असशील तर मला बोलायला तोंड नाही. तरी मी पुसलेलं नाही. तुझा हक्क आहे असं मीच लिहिलं होतं आणि मीच तो मोडतो आहे. एक गोष्ट ऐक, आणि ती ऐकूनही पूस म्हणालीस तर त्याच दिवशी पुसीन.

कपाटात सापडलेल्या गोष्टींचं म्हटलं होतं ना. त्यात एक कार्ड होतं, त्या लांब केसांच्या संगीतकाराचं. जाहिरातीच्या कामाला तो आपल्याकडे दोनदा आला होता आणि आईने त्याला खुर्ची पुसून दिली होती. आईने त्याला आणखीही एक गोष्ट दिली होती, मला न सांगता. तुझी सीडी.

त्याने ती गाडीत ऐकली. आणि त्याने फोन केला. मला.

तू गाणं सोडून नऊ दिवस झाले होते. तो म्हणाला, मुलांच्या गाण्यांचा एक संच करतोय, बारा गाणी आहेत, मला हाच आवाज हवा. ‘हाच’ म्हणाला. आणि मी म्हणालो, “ती आता गात नाही. आणि खरं सांगू का, आवाजात दम नाही. घरचा माणूस आहे म्हणून सांगतो.” तो म्हणाला, तुम्ही म्हणता तर असेल, तुमचा कान मोठा.

मला वाटलं होतं, मी तुला वाचवतोय. उद्या मोठ्या ठिकाणी जाऊन हसं व्हायचं त्यापेक्षा आत्ताच थांबलेलं बरं. असं वाटलं होतं हे खरं आहे. पण हे पण खरं आहे की मी एकदा ‘नाही’ म्हटलेल्याला दुसरा कोणी ‘हो’ म्हणतोय, हे मला सहन झालं नाही. बाबा मला कानसेन म्हणायचे, तीन खोल्यांपलीकडचा गळका नळ मला ऐकू यायचा म्हणून. ते नाव मी फार मनावर घेतलं.

मी फोन ठेवला तेव्हा तू पलीकडच्या खोलीत होतीस. डोळे तपासायच्या कोर्सचा फॉर्म भरत होतीस. तू आतून विचारलंस, कोण होतं?

मी म्हणालो, “राँग नंबर.”

हे परवापर्यंत कोणाला माहीत नव्हतं. आई तीन वर्षं मला विचारत होती, अरे, ते काही म्हणाले का सीडीचं? मी म्हणायचो, आई, असल्या सीड्या त्यांना रोज दहा येतात. परवा तिला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला ठेवली, स्वयंपाकघरातल्या प्लेअरचं बटण बंद केलं आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी नीट बोललेली नाही. जेवायला वाढते, पण माझ्या ताटाकडे बघून, माझ्याकडे नाही. काल फक्त एवढंच म्हणाली, “मला म्हातारीला त्या डबड्यावर कळलं, आणि तुला कळलं नाही?”

तिच्या त्या डबड्याला एकच स्पीकर आहे. एकट्या स्पीकरची तार उलटी असून काही बिघडत नाही, भांडायला दुसरा नसतो. संगीतकाराच्या गाडीतले स्पीकर सरळ होते. जगात जिथे जिथे तुझी सीडी वाजली तिथे तिथे तू नीट ऐकू आलीस. फक्त जो माणूस निकाल देणार होता त्याच्याच घरात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली, आणि वर चोराला पट्टी लावून जपून ठेवला.

माझं सगळं कामही तसंच वाकडं झालं असणार. गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं सांगत होती की तुमच्याकडचे आवाज मडक्यातून बोलल्यासारखे येतात. मला इथे पातळ ऐकू यायचे म्हणून मी प्रत्येकात भर घालायचो. ते तक्रार करायचे आणि मी म्हणायचो, तुमच्या गाडीचे स्पीकर बदला. पण ते जाऊ दे. एका लिफ्टचा आवाज जाड झाला म्हणून कोणाचं आयुष्य फिरत नाही.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. पण मग विचार आला, तू माफ करशील तेही माझ्याच सोयीचं होईल. म्हणून मागत नाही. मला फक्त हे तुला माहीत असायला हवं होतं की तू बरोबर होतीस. तेव्हाच, त्याच दुपारी.

दादा

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

दादा,

कार्ड पहिलं पत्र वाचून लिहिलं होतं. दुसरं दुसऱ्या दिवशी आलं. तिसरं चष्म्याच्या दुकानात आलं, कारण तू पत्त्यात दुकानाचा नंबर घातलास. मी ते दोन गिऱ्हाइकांच्या मधे उघडलं. नंतरच्या गिऱ्हाइकाला मी उजव्या डोळ्याचं भिंग डाव्याला लावलं. इतक्या वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं. मालकांनी मला घरी पाठवलं.

मी घरी आले आणि चप्पल न काढता बसले. राँग नंबर. मला तो फोन आठवतो. मी फॉर्मवर सही करत होते आणि घंटा वाजल्यावर थांबले होते. का थांबले ते तेव्हा माहीत नव्हतं. तू राँग नंबर म्हणालास आणि मी सही पूर्ण केली.

मला राग आला नाही असं लिहिणार नाही. खूप आला. तू समोर असतास तर काय केलं असतं सांगता येत नाही. पण तुझ्या तारांचं वाचून मला जे वाटलं ते वेगळं होतं, आणि त्याने मी जास्त हादरले. तेच लिहायला बसले आहे.

माझं काम तुला माहीत नाही, तू कधी विचारलं नाहीस. मी दिवसभर लोकांसमोर भिंगं बदलते आणि विचारते, हे स्पष्ट की हे? तुझ्या पेटीतल्या अ-ब सारखंच. दर दोन दिवसांनी एकजण तरी म्हणतो, माझे डोळे ठीक आहेत हो, तुमचा अक्षरांचा बोर्डच पुसट आहे. बाकीच्या मुली हसतात. मी हसत नाही. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी बोर्डामागचा दिवा तपासते, बोर्ड पुसते, खुर्चीचं अंतर मोजते आणि मग पहिला माणूस बसवते. हे मला कोर्समध्ये शिकवलेलं नाही. मला वाटायचं, ही माझी खोड आहे. आता कळलं कुठून आली. मी त्या दिवशी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, पण पूर्ण नाही. माझ्या हातांनी ठेवला नव्हता, म्हणून ते रोज आधी बोर्ड तपासतात.

लोकांसाठी मी एवढं करते. घरात केलं नाही.

माझी भिंगरी नऊ वर्षांची झाली. तू तिला फोटोतच बघितली आहेस. ती बोलायच्या आधी गुणगुणायला लागली होती. गेल्या वर्षी शाळेच्या गाण्याच्या गटात बाईंनी तिला निवडलं आणि माझ्या सहीसाठी कागद पाठवला. मी सही केली नाही. दादा, मी तिला काय सांगितलं ते लिहिताना मला लाज वाटते आहे. मी म्हणाले, आपल्या घरात आवाजाला अंग नसतं बाळा. तुझ्या मामाला विचार, तो त्यातला जाणकार आहे. तुझेच शब्द. मी ते इतकी वर्षं जपून ठेवले आणि तिच्या हातात दिले. तुझी ती पट्टी पिवळी पडली असेल, माझी कोरी करकरीत होती.

तिने हट्ट केला नाही. म्हणून मी विसरले. मागच्या महिन्यात शाळेत गेले तेव्हा बाई म्हणाल्या, सकाळी सगळी मुलं गातात तेव्हा ती नुसते ओठ हलवते. बाईंना वाटलं, घसा दुखत असेल. वर्षभर कोणाचा घसा दुखत नाही. मी हे ऐकून घरी आले आणि तिला काही विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

काल मी तिला तुझ्या पत्रातला तारांचा भाग वाचून दाखवला. ढकलणं, ओढणं, दार. तिला लगेच समजलं. मग तिने विचारलं, “मग माझा आवाज मामाने कुठल्या स्पीकरवर ऐकला?”

ह्याचं उत्तर तू दे. मला नको, तिलाच लिही. तिला आजपर्यंत कोणाचं पत्र आलेलं नाही.

माझी गाणी पुसू नकोस. पाठवूही नकोस अजून.

चिमी

मंगळवार, २० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

मी तुझा मामा. ओळख फोटोपुरती आहे, म्हणून आधी सांगतो. उंच, थोडा टकला, आणि तुझ्या आजीच्या मते अति शहाणा. आजी आता माझ्याशी बोलायला लागली आहे. काल तिने विचारलं, चहा घेणार का? म्हणजे बरंच झालं.

तुझा प्रश्न मिळाला. मी काल रात्रभर त्याच्यापुढे बसलो होतो. उत्तर असं आहे की मी तुझा आवाज कुठल्याच स्पीकरवर ऐकलेला नाही. सरळवर नाही, उलट्यावरही नाही. मी तो ऐकलेलाच नाही. तुझ्याबद्दल जे सांगितलं गेलं ते मी तुझ्या आईबद्दल बोललो होतो, आणि तिच्याबद्दल जे बोललो तेही तिचा आवाज न ऐकताच बोललो होतो, हे मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं. मी ते बोललो तेव्हा तू तर जन्मलीसुद्धा नव्हतीस. एवढी मोठी चूक करायला माणूस जाणकारच असावा लागतो. साध्या माणसाकडून होत नाही. त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून ह्या पत्राबरोबर एक खोकं पाठवलं आहे. माझी नवी पेटी, दोन छोटे स्पीकर, एक माइक, हेडफोन आणि लागतील तेवढ्या तारा. मी स्वतः घेऊन येणार होतो. पण मी तुमच्या घरी यायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुझ्या आईचा आहे, आणि तिला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. तू विचारून बघ. नाही म्हणाली तर तिला पुन्हा विचारू नकोस.

पेटी कशी जोडायची ते कागदावर चित्र काढून दिलं आहे. ते सोपं आहे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मी एकाच रंगाचा दोरा बांधला आहे. हिरवा तिथे हिरवा, निळा तिथे निळा. कशावरही पट्टी चिकटवलेली नाही. सगळ्याला हात लावायचा. दर आठवड्याला सगळं सोडवायचं आणि पुन्हा जोडायचं, चालत असलं तरी.

जोडून झालं की आईला बोलव. ती रोज दिवा आणि बोर्ड तपासते, तिच्याइतकं नीट हे कोणी बघणार नाही. डावं-उजवं एकत्र करायचं बटण दाबून तिला विचार, आवाज मधे आला का? ती हो म्हणाली की मग गायचं. काय गायचं ते तुझं तू ठरव. पेटीवर एक बटण आहे, ते दाबून बाहेर बसलेला माणूस गाणाऱ्याशी बोलतो. ते मी काढून टाकणार होतो, पण राहू दिलं. ते आईकडे असू दे. तिला हवं तर ती बोलेल, आणि कदाचित तिला आतल्या माइकशी येऊन उभं राहावंसं वाटेल. वाटलं तर तू बाहेर खुर्चीत बस आणि बटण तुझ्याकडे घे.

मला काही पाठवायचं नाही. माझं मत विचारायचं नाही, आणि मी दिलं तरी ऐकायचं नाही. शाळेत उद्या सकाळी सगळे गायला लागले की ओठांबरोबर थोडा आवाज सोडून बघ. चुकलीस आणि कोणी हसलं तर सांग, मामाने आधी अंगण तपासायला सांगितलंय.

तुझा मामा